बेरजेंत लपलेला आंकडा

लग्न जुळवितांना पत्रिकांचे ३६ पैकीं २८ गुण जुळले, तर ती बेरीज कोणासही उत्तमच वाटावी. परंतु आमच्या आजोबांच्या पिढींतील माणसें एवढ्यावर भागवीत नसत. उरलेले ८ कोणते, हें तीं विचारीत. आणि ते आठही नाडीचे निघाले, तर २८ गुणांची ती पत्रिका मुकाट्यानें परत जाई. ह्या रीतींत तथ्य किती, हा वाद येथें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें इतकेंच, कीं बेरजेच्या पोटांत शिरून पाहण्याची ही संवय ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्याच घरांत आतां मुलांच्या परीक्षेचा निकाल आला म्हणजे सर्वांची दृष्टि एका आंकड्यावर खिळून राहते. 'एकूण किती?' एवढें विचारलें, कीं आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांचें समाधान होतें, किंवा सर्वांचें तोंड उतरतें.

गेल्या जून महिन्यांत बेल्ह्यास जाण्याचा योग आला, तेव्हां हा विचार आमच्या मनांत विशेष घोळला. जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगास, आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे (म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरकडे) जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव सोमवारच्या बैलबाजारासाठीं प्रसिद्ध आहे. त्या भागांत आळे येथें रेड्याची समाधि आहे; ज्ञानेश्वर महाराजांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले तो हा रेडा, अशी तेथील लोकांची श्रद्धा. पाठांतराची परीक्षा तो उत्तम रीतीनें उतरला, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यास कोणी गणित विचारल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

ज्या घरीं आम्ही उतरलों, तें आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें. घरांत तीन भावांचा संसार एकत्र; थोरले नोकरीनिमित्त पुण्यास असले तरी महत्त्वाच्या प्रसंगीं हजर असतात. वडील ऐंशीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक. प्रसंग महत्त्वाचा होता. मधल्या भावाच्या मुलीचा सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल दोनच दिवसांपूर्वीं लागला होता. भौतिकशास्त्रांत परसेंटाईल ९७, रसायनशास्त्रांत ९८, गणितांत ७१, आणि एकूण ९१. (दशांशचिन्हापुढचे सात आंकडे आम्ही येथें सोडून दिले आहेत, त्या घरांत मात्र ते सर्वांस तोंडपाठ होते.) ओटीवर बैठक बसली होती, आणि थोरले काका कागदावर भागाकार करीत होते.

"सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव आणि एकाहत्तर," ते म्हणाले, "तिहींची सरासरी ८८.६७ येते. मग वर ९१ कसें छापलें आहे? चूक आपल्या फायद्याची आहे म्हणून बोलूं नये कीं काय?"

काका प्रामाणिक खरे; परंतु हिशेब त्यांचाच चुकला होता, आणि तो घरोघर चुकतो म्हणूनच थोडें सविस्तर सांगतों. परसेंटाईल म्हणजे गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकीं किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, हें तो आंकडा सांगतो. म्हणजे ती एक जागा आहे, रांगेंतली जागा. आणि जागांची सरासरी काढतां येत नाहीं. जत्रेंत एखादा गडी धांवण्यांत पहिला आणि कुस्तींत पन्नासावा आला, तर तो एकंदरींत साडेपंचविसावा ठरतो काय? सीईटींत तीनही विषयांचे मूळ गुण आधीं एकत्र मिळवितात, आणि मग त्या बेरजेवरून एकूण रांग निराळी लावतात. म्हणूनच तीनही विषयांत ९५ असलेल्या मुलाचा एकूण आंकडा ९५ च्याही वर जातांना दिसतो. कारण एका विषयांत हुशार मुलें पुष्कळ, तिन्हींत सारखीं हुशार मुलें थोडीं. काकांनीं हें ऐकून घेतलें, कागद उलटा केला, आणि "म्हणजे चूक नाहीं म्हणतां?" असें किंचित् निराशेनें विचारलें.

चूक नव्हती, पण त्या बेरजेंत एक गोष्ट लपलेली होती, आणि ती आम्हांस त्या ९१ पेक्षां अधिक महत्त्वाची वाटली. अभियांत्रिकीच्या सीईटींत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५० आणि गणिताचेही ५०. परंतु पहिल्या दोहोंत प्रश्नास एक गुण, तर गणितांत प्रश्नास दोन. एकूण गुण २००, त्यांपैकीं निम्मे एकट्या गणिताचे. ह्याचा परिणाम काय होतो, तो कागदावर मांडून पाहावा. एका मुलीचे भौतिकशास्त्रांत ४५, रसायनशास्त्रांत ४५ आणि गणितांत २० प्रश्न बरोबर आले. तिच्या मैत्रिणीचे भौतिकशास्त्रांत ३५, रसायनशास्त्रांत ३० आणि गणितांत ४५. दोघींचे बरोबर आलेले प्रश्न ११० च. पण पहिलीस गुण मिळतात १३०, आणि दुसरीस १५५! अभ्यास तितकाच, उत्तरें तितकींच, आणि फरक २५ गुणांचा. शिवाय दोघांची एकूण बरोबरी झालीच, तर पुढची जागा ठरवितांना आधीं गणिताकडेच पाहतात. म्हणजे ज्या मुलाचा एक विषय मागें पडतो, त्याचें नुकसान किती होईल हें तो विषय कोणता ह्यावर अवलंबून आहे. आणि गणित मागें पडलें तर तें दुप्पट भावानें मागें पडतें.

हें आम्ही ओटीवर सांगत असतांना आजोबा उठून आंत गेले व मुलीची दहावीची गुणपत्रिका घेऊन आले. पांच विषयांत ९४, ९३, ९५, ९६ आणि ९२, गणितांत ६८. त्या वर्षीं घरांत ९४ टक्क्यांचे पेढे वाटले गेले होते. साही विषय धरले असते, तर टक्के ९० च्या किंचित् आंत आले असते. परंतु उत्तम पांच विषयांचेच टक्के धरण्याची रीत असल्यामुळें गणिताचे ६८ बेरजेंत आलेच नाहींत. ही रीत महाराष्ट्रांत २०१० सालीं आली. अकरावीच्या प्रवेशांत इतर मंडळांच्या मुलांपुढें राज्य मंडळाचीं मुलें मागें पडतात, अशी तक्रार होती, म्हणून शासनानें सहांपैकीं सरस पांच विषय धरण्याचें ठरविलें. उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला, आणि त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. त्या रीतीनें पुष्कळ मुलांचें भलें झालें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिच्यामुळें घरांतल्या वडील माणसांच्या डोळ्यांवर एक झांपड येतें. सोळाव्या वर्षीं जो विषय बेरजेंतून वगळला जातो, तोच अठराव्या वर्षीं दुप्पट होऊन पुढें उभा राहतो. आणि मधल्या दोन वर्षांत त्याकडे कोणी बघितलेलें नसतें, कारण पेढे वांटून झालेले असतात. आजोबा ती गुणपत्रिका हातांत धरून बराच वेळ बसले. "चाळीस वर्षें मास्तरकी केली," ते म्हणाले, "आणि घरांतलें हें दिसलें नाहीं."

मुलगी दाराशीं उभी होती. तिला कोणी कांहीं विचारीत नव्हतें, म्हणून आम्हीं विचारलें, "गणिताचे किती प्रश्न सोडलेस?"

"चौदा, काका."

"कां सोडलेस?"

"येत नव्हते नक्की. चुकले तर गुण जातील, असं वाटलं."

सीईटींत चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहींत. हें तिला ठाऊक नव्हतें असें नाहीं. प्रश्नपत्रिकेच्या आरंभीं सूचना वाचतांना तिनें तेंही वाचलें होतें. परंतु दोन वर्षें ज्या क्लासांत ती जात होती, तेथें दर रविवारीं जेईईच्या धर्तीवर परीक्षा होत असे. त्या परीक्षेंत बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकलेल्यास उणा एक. 'खात्री नसेल तर हात लावूं नये' हा धडा तेथें इतका गिरविला गेला, कीं ज्या ठिकाणीं त्याचें कांहीं काम नव्हतें त्या ठिकाणींही हात आंखडलाच. चार पर्यायांपैकीं डोळे मिटून एक निवडला असता, तरी चौदांपैकीं तीन-चार उत्तरें बरोबर येण्याचा संभव, म्हणजे सहा ते आठ गुण. जेथें एकेका गुणावर मुलांची दाटी असते, तेथें हे थोडे नव्हेत. तिची आई हें ऐकून स्वयंपाकघरांत निघून गेली. मुलगी मात्र रडली नाहीं. "हें मला कुणी आधीं विचारलं असतं तर," एवढेंच म्हणाली, आणि त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुपारीं धाकट्या भावाबरोबर बाजार पाहावयास गेलों. एक शेतकरी खोंडांची जोडी पाहत होता. एकाचे दांत पाहिले, खांदा दाबून पाहिला, चालवून पाहिलें. जनावर उमदें होतें. दुसरें त्याच्या निम्म्यानें. मालक दोहोंची मिळून किंमत सांगे, आणि गिऱ्हाईक मान हलवी. नांगरास जोडी लागते. एकानें ओढावें आणि दुसऱ्यानें खांदा टाकावा, तर तास वांकडा जातो. पण पूर्वीं तेल्याच्या घाण्यास एकच बैल लागे, आणि तेली आला असता तर त्यानें त्या जोडींतला उमदा बैल तेवढा आनंदानें नेला असता. जनावरें तींच, घेणारा कोण, ह्यावर सगळें.

परीक्षांचेंही असेंच आहे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. प्रत्येक दाराचा नियम निराळा. आय. आय. टी. साठीं जी जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षा होते, तिला जोडीच लागते: तेथें एकूण गुणांचें किमान प्रमाण तर आहेच, पण प्रत्येक विषयाचेंही निराळें आहे. २०२४ सालीं सर्वसाधारण यादींत येण्यासाठीं एकूण शेंकडा ३०.३४ आणि प्रत्येक विषयांत शेंकडा ८.६८ गुण आवश्यक होते. आंकडा लहान दिसतो. पण दोन विषयांत डोंगर रचून तिसऱ्यांत त्याच्या खालीं राहिलेल्या मुलाचें नांवच यादींत येत नाहीं. वैद्यकीच्या नीट परीक्षेंत असें विषयवार किमान नाहीं. तेथें ७२० पैकीं जीवशास्त्राचे ३६०, आणि भौतिक व रसायन ह्यांचे प्रत्येकीं १८०; एकाची तूट दुसऱ्यानें भरून निघते, मात्र समान गुण पडल्यास आधीं जीवशास्त्र पाहतात. आयसर संस्थांच्या परीक्षेंत भौतिक, रसायन, गणित व जीवशास्त्र ह्या चारही विषयांचे सारखे १५ प्रश्न. ज्यानें अकरावींत जीवशास्त्र सोडलें, त्यास चौथा हिस्सा परका. ह्याच्या उलट भुवनेश्वरच्या नायसर व मुंबईच्या कलिना येथील मूलभूत विज्ञान केंद्राच्या नेस्ट परीक्षेंत कित्येक वर्षें चार विभागांपैकीं ज्या तिहींत गुण अधिक तेच धरीत असत. आणि कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची सांख्यिकीच्या पदवीची प्रवेश परीक्षा आजवर केवळ गणिताचीच होत आली आहे. ती तेल्याच्या घाण्याची परीक्षा म्हणावी.

मोठ्या भावंडांसही हें लागू आहे. व्यवस्थापनाच्या कॅट परीक्षेंत एकूण आंकडा ९९ असूनही एका विभागांत किमान मर्यादेच्या खालीं गेल्यामुळें मुलाखतीचें बोलावणें न आलेले तरुण आमच्या परिचयाचे आहेत. परदेशीं असलेल्या आप्तांच्या मुलांस अमेरिकेंत सॅट नांवाची परीक्षा असते. भाषेचे ८०० व गणिताचे ८०० मिळून १६०० गुणांची. तेथील पुष्कळ महाविद्यालयें एका खेपेचे भाषेचे व दुसऱ्या खेपेचे गणिताचे, असे उत्तम तेवढे गुण निवडून जोडतात. आपल्याकडें तशी सवलत असती, तर किती घरांतली झोंप परत आली असती!

रामानुजन ह्यांचें उदाहरण अशा वेळीं हटकून कोणी तरी काढतो. बेल्ह्यासही तें निघालें. गणितांत विलक्षण, पण इतर विषयांकडे लक्ष नाहीं, म्हणून कुंभकोणमच्या कॉलेजांत त्यांची शिष्यवृत्ति गेली. पुढें मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजांतून १९०६ सालीं व पुन्हा १९०७ सालीं ते एफ. ए. च्या परीक्षेंत नापास झाले. प्रत्येक विषयांत निरनिराळें उत्तीर्ण व्हावें, ह्या नियमापुढें त्यांचें गणित लंगडें पडलें. १९१३ सालीं त्यांनीं केंब्रिजच्या हार्डी ह्यांस पत्र लिहिलें नसतें, तर ती कथा तेथेंच संपली असती. हें उदाहरण देऊन थोरले काका म्हणाले, "नियमच चुकीचे." आम्हांस तसें म्हणवत नाहीं. रामानुजन ह्यांच्या बाबतींत नियमानें अन्याय केला, हें खरें. पण आपल्या घरांतील मुलाचा एक विषय मागें पडला म्हणजे तो दुसऱ्यांत रामानुजन आहे असें होत नाहीं. बहुधा त्यास तो विषय कोणी नीट शिकविलेला नसतो, एवढेंच. खेड्यापाड्यांतून तर हें फारच. ह्या मुलीस नववी-दहावींत त्रिकोणमिति शिकविणारे शिक्षक वर्षांत दोनदां बदलले होते. ती गोष्ट ओटीवरच्या बैठकींत प्रथम मुलीनेंच सांगितली.

संध्याकाळीं मुख्य प्रश्न निघाला: पुढें काय? थोरल्या काकांचें मत, कीं एक वर्ष घरीं राहून परीक्षा पुन्हा द्यावी, आणि पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांत संगणकाची शाखा मिळवावी. वडिलांचें मत, कीं मिळेल तें घ्यावें. दोघांचा आवाज चढला, तेव्हां आजी माजघरांतून म्हणाल्या, "अरे, पोरीला कुणी विचारलंत का?"

मुलीस इलेक्ट्रॉनिक्स हवें होतें. कारण विचारतां तिनें सांगितलें, कीं शाळेंत असतांना एका २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, नारायणगांवजवळच्या खोडद येथें रेडिओ दुर्बीण पाहावयास सर्वांस नेलें होतें. त्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ खोडदच्या आसपास, व बाकीच्या मैलोगणती पसरलेल्या. इतक्या दूरच्या तबकड्यांवर आलेले क्षीण संदेश तारांवाटें एके ठिकाणीं आणून जुळवितात, हें तिथल्या एका बाईंनीं तिला समजावून दिलें होतें, आणि तेव्हांपासून हें तिच्या मनांत होतें. घरांतल्या कोणासही ही गोष्ट माहीत नव्हती. भौतिकशास्त्रांतले ते ९७ कोठून आले, ह्याचा आम्हांस तेव्हां उलगडा झाला.

आम्हांस मत विचारलें, तें आम्हीं दिलें, तें असें. गेलेले गुण जर केवळ आंखडलेल्या हातामुळें गेले असते, तर एक वर्ष थांबण्यांत कांहीं अर्थ असता. तो दोष महिन्याभरांत जातो. परंतु दहावीचे ६८ सांगतात, कीं पायाही थोडा कच्चा आहे, आणि तो वर्षभर प्रश्नांचे संच सोडवून पक्का होत नाहीं. शिवाय दुसऱ्या वर्षीं गणित वर चढेलच, आणि भौतिक व रसायन आहेत तेथेंच राहतील, ह्याची हमी कोण देणार? ज्या शाखेकडे मुलीचा ओढा आहे ती ह्या गुणांत मिळण्याजोगी असतां, न मागितलेल्या शाखेसाठीं वर्ष घालवूं नये. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली. अभियांत्रिकीची कोणतीही शाखा घेतली, तरी पहिल्या वर्षापासून गणित मागें लागतेंच. आणि दूरच्या तबकड्यांचे संदेश जुळविण्याची विद्या तर अथपासून इतिपर्यंत गणिताची आहे. प्रवेश मिळाला म्हणजे ते ६८ आणि ७१ पुसले गेले, असें समजून पुन्हा पेढे आणूं नयेत. काकांस हें रुचलें नाहीं. बेल्ह्यालगत बांगरवाडीस अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याचेंही नांव यादींत असावें असें आम्हीं म्हणतांच, "म्हणजे गांवांतच?" असें ते उद्गारले. त्यांच्या लहानपणीं ह्या भागांतल्या मुलास त्यासाठीं पुण्यासच जावें लागे, आणि पुण्यास जाणें हीच निम्मी पदवी होती. त्यांचा तो समज आम्ही एका संध्याकाळींत दूर करूं शकत नव्हतों.

रात्रीं जेवणें झाल्यावर मुलीनें मोबाईल पुढें ठेवून पसंतीक्रमाची यादी वहींत लिहिली. नऊ नांवें झालीं. बांगरवाडीचें सातवें होतें. काकांनीं दोन नांवें वर सरकवावयास लावलीं. तिनें एक सरकविलें.

सकाळीं आम्ही निघालों तेव्हां आजोबा ओटीवर जुनी पाटी पुढें घेऊन बसले होते, आणि नात समोर त्रिकोणमितीचें नववीचें पुस्तक उघडून बसली होती. मध्येंच त्यांस कांहीं आठवलें. धाकटा नातू यंदा आठवींत आहे, त्यास त्यांनीं हांक मारली, "तुझी गणिताची वही आण रे." तीन हांका झाल्या. काल न विकलेला तो उमदा खोंड मालकानें आळ्याच्या रस्त्यानें परत नेला होता, आणि त्याच्या मागोमाग नातूही पसार झाला होता.